थेंबाचा आवाज

सकाळी घाण्याच्या शेडची किल्ली मागायला थोरली सासऱ्यांच्या खाटेशी गेली, तर खाट रिकामी. अंथरुणाची घडी घातलेली, काठी नाही, चष्मा नाही. चौदा वर्षांत असं झालं नव्हतं. उजाडलं की थोरलीनं खाटेशी जाऊन हात पुढं करायचा, सासऱ्यांनी उशाखालची किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवायची आणि दिवस मावळायच्या आत तिनं ती त्यांना परत द्यायची. यात बोलणं काही नसायचं. हात पुढं, किल्ली, हात मागं.

ती अंगणात आली. मागच्या गोठ्यातून हसण्याचा आवाज येत होता. सासरे हसत होते. हा आवाज तिनं इतक्या क्वचित ऐकला होता, की आधी तिला ते खोकताहेत असंच वाटलं.

गोठ्यात आता जनावर नव्हतं. भिंतीला लागून फळ्यांच्या मांडण्या केल्या होत्या आणि मांडण्यांवर पत्र्याचे पसरट ट्रे. प्रत्येक ट्रेमध्ये बाजारातून आणलेला सडका भाजीपाला, कलिंगडाच्या साली, लिबलिबीत टोमॅटो, आणि त्यात अळ्या. शंभर नाही, दोनशे नाही. एका ट्रेमध्ये किती, ते मोजायला कुणाला सवड नव्हती. तांदळाच्या दाण्यासारख्या, मग शेंगदाण्याएवढ्या, सायीच्या रंगाच्या. कान दिला की पाऊस पानांवर पडावा तसा त्यांच्या खाण्याचा आवाज यायचा.

सासरे पालथ्या टोपलीवर बसले होते. एक हात मनगटापर्यंत ट्रेमध्ये. शेजारी धाकटी सून चाळण घेऊन उभी.

"अगं, गुदगुल्या करतात या," सासरे म्हणाले. "माणसाच्या हाताला चावत कशा नाहीत?"

"त्यांना तुमच्यापेक्षा टोमॅटो गोड लागतो, बाबा," धाकटी मोठ्यानं म्हणाली. सासऱ्यांशी मोठ्यानंच बोलावं लागायचं. चाळीस वर्षं घाण्याशेजारी काढून त्यांचे कान अर्धे झाले होते.

सासरे पुन्हा हसले. मग त्यांनी हात बाहेर काढला, एक टपोरी अळी चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, "धाकटे, तुझ्या हाताला गुण आहे."

थोरली दारातच थांबली. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. म्हणजे ऐकलेलं नव्हे, वाट बघितलेलं. पहिल्या वर्षी तिनं बिया भाजताना कढईच्या कडेनं दोन्ही कोपरं पोळून घेतली तेव्हा, मशीनचा पट्टा तुटला असताना तिनं हातानं चाक फिरवून कुणाची तरी राहिलेली पायलीभर बी गाळून दिली तेव्हा, धाकट्या दिराच्या लग्नात पाहुणे जेवत असताना ती शेडमध्ये तेल गाळत बसली तेव्हा. दरवेळी वाटलं होतं, आता म्हणतील.

"बाबा, किल्ली," ती म्हणाली.

"काय?"

"किल्ली."

"अगं, आज काय गाळायचंय? बिया कुठायत?" सासऱ्यांनी खिशातून किल्ली काढली खरी, पण तिच्या हातावर ठेवताना त्यांची नजर ट्रेवरच होती.

त्यांचं खोटं नव्हतं. त्या साली सूर्यफुलावर करपा पडला होता. फुलं तयार होण्याआधीच माना टाकून काळी पडली. ज्यांच्याकडून पोत्यांनी बिया यायच्या त्यांनी पिशवीभरसुद्धा आणल्या नव्हत्या. थोरली रोज शेड उघडायची, मशीन पुसायची, पट्ट्याला हात लावून बघायची आणि बसायची. रिकामं बसणं तिला काम करण्यापेक्षा जड जायचं.

---

धाकटी या घरात आली त्याला दोन वर्षं झाली होती. अळ्यांचं हे शिक्षण ती कुठूनसं तीन दिवसांत घेऊन आली. एक काळी माशी असते, ती माणसाच्या अन्नावर बसत नाही, तिला खायला तोंडच नसतं. आठवडाभर जगते, लाकडाच्या फटीत अंडी घालते आणि मरते. तिच्या अळ्या मात्र दोन आठवडे नुसत्या खातात. पुढच्या सगळ्या जन्माचं त्या तेव्हाच खाऊन घेतात. म्हणून त्यांच्या अंगात चरबी साठते. अळ्या गरम पाण्यातून काढायच्या, वाळवायच्या, घाण्यात गाळायच्या. निघालेलं तेल तापवून कोरडं करायचं, त्यात स्पिरिट आणि कॉस्टिक सोडा घालून ढवळायचं आणि ठेवून द्यायचं. खाली काळपट चिकट गाळ बसतो, वर डिझेलसारखं पिवळं तेल राहतं. त्यावर इंजिन चालतं.

हे ऐकून पहिल्या दिवशी सगळं घर हसलं होतं. धाकटा तिचा नवरा असून तोही हसला, पण आपल्या तीनचाकी टेम्पोतून बाजाराचा सडका माल आणून द्यायला तयार झाला. गल्लीत तर तिचं नावच अळीबाई पडलं. मिरचीची रोपं करणारी एक म्हातारी होती, जीभ अशी की लोक तिला तिखटबाईच म्हणत. ती नाकाला फडकं लावून जायची आणि विचारायची, "काय गं अळीबाई, आज जेवायला काय केलंस?"

तेव्हा थोरलीच पुढं व्हायची. "मावशी, तुमच्या जिभेपेक्षा त्या अळ्या बऱ्या. खातात तरी मुकाट्यानं." धाकटीला ती जवळ घ्यायची, डोक्याला तेल लावून द्यायची. लोक हसत होते तोवर थोरलीचं तिच्यावर फार प्रेम होतं.

मग एका दुपारी धाकटीनं बाटलीभर तेल आणलं आणि थोरलीच्या नवऱ्यानं, म्हणजे थोरल्यानं, ते आपल्या लहान पंपात ओतलं. थोरला भाजीवाल्यांचा पंपवाला. नदीवरून वर मळ्यांना पाणी चढवायचं काम त्याचं. त्यानं दोरी ओढली, पंप दोनदा शिंकला आणि चालू झाला. तासभर चालला. बघायला वीस माणसं जमली. तिखटबाईनं पहिल्यांदा नाकावरचं फडकं काढलं.

त्या संध्याकाळी धाकटी नेहमीसारखी डोकं पुढं करून बसली, तेव्हा थोरली म्हणाली, "आज माझे हात दुखतात."

---

खालचा पूल खचल्यापासून डिझेलचा टँकर लांबच्या रस्त्यानं महिन्यातून एकदा यायचा, तोही अर्धा रिकामा. मळ्यात रोपं लावायची वेळ झाली होती. थोरल्यानं भाजीवाल्यांना एकत्र बसवून सांगितलं, "आमच्या घरचं तेल आहे. एक पिंप भरून द्या म्हणतो धाकटीला. तीन दिवस मोठा पंप चालला, की सगळ्यांची रोपं लागतील."

"आणि नाही चालला तर?" तिखटबाईनं विचारलं.

"नाही चालला तर मी कावडीनं पाणी घालेन तुमच्या मिरचीला."

लोक हसले. वार ठरला. त्या भरवशावर भाजीवाल्यांनी वाफ्यातली रोपं उपटून ओल्या गोणपाटात गुंडाळून तयार ठेवायचं ठरवलं.

त्या दिवशी जेवताना सासऱ्यांनी ताट बाजूला केलं. पाण्याचा पेला त्यांनी दोन्ही हातांनी खाली ठेवला.

"मी आता थकलो," ते म्हणाले. "बिया यायच्या तेव्हा येतील. आता शेडमध्ये काम असणार ते अळ्यांचं. पंप चालला, की किल्ली धाकटीकडे देतो. तिच्याकडेच राहू दे. मला रोज काढून द्यायला नको."

धाकटी गोंधळली. "मला कशाला, बाबा? ताई आहेत की."

"ती आहेच," सासरे म्हणाले. "ती कुठं जातेय?"

थोरली वाढत होती. तिनं नवऱ्याच्या ताटात भाजी वाढली आणि मग पुन्हा त्याच ताटात वाढली.

"अगं, मी काय पाहुणा आहे का?" थोरला म्हणाला.

ती पुढच्या ताटाकडे वळली. राहू दे म्हणाले. तिच्याकडेच राहू दे. म्हणजे सकाळी आपण हात पुढं करायचा, तो या पोरीपुढं. जिला अजून पट्टा कुठल्या बाजूनं चढवायचा ते माहीत नाही.

रात्रभर तो विचार दातात अडकलेल्या सालासारखा राहिला. निघता निघेना.

---

अळ्या काढायचा दिवस आला. धाकटीनं ट्रेमधल्या अळ्या चाळल्या. रंग सायीसारखा असतानाच काढायच्या, काळ्या पडायला लागल्या की साल जाड होते, हे ती शिकून आली होती. धाकट्यानं अंगणात मोठी कढई चढवली. गरम पाण्यातून काढलेल्या अळ्या घरातल्या सगळ्या चटयांवर, पत्र्यांवर, शेवटी जुन्या दारावर पसरल्या. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही.

नेमकं आभाळ भरून आलं. पाऊस नाही, पण ऊनही नाही. ओल्या फडक्यासारखी हवा. धाकटी दिवसभर अळ्या हातानं खालीवर करत राहिली. तिची बोटं सुरकुतली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी थोडं ऊन पडलं, तशी तिनं घाई केली. परवा पंप चालवायचा होता.

"ताई, झाल्या असतील ना वाळून?" तिनं मूठभर अळ्या थोरलीपुढं धरल्या.

थोरलीनं एक अळी दोन बोटांत घेऊन मोडली. वाळलेली बी कशी मोडते, ते तिच्या बोटांना पाठ होतं. कट् असा आवाज आला पाहिजे. अळी वाकली आणि मग मोडली.

"तू शिकून आलीस," थोरली म्हणाली. "मी काय सांगणार?"

"तसं नाही, ताई. तुमचा हात चालतो मशीनवर, म्हणून विचारलं."

"वरून तर वाळलेल्या दिसतात."

हे खोटं नव्हतं. वरून वाळलेल्या दिसत होत्याच.

घाणा थोरलीनंच चालवला. मोटार लावली, पट्टा चढला, वरच्या तोंडातून अळ्या सोडल्या. कोरडा माल असला की मशीन एका सुरात गुरगुरतं. आज ते मधेच अडखळत होतं, घोट गिळल्यासारखं. एका बाजूनं पेंड बाहेर पडत होती, ती पापुद्र्यासारखी सुटी नव्हती, मऊ होती. तेल खालच्या डब्यात येत होतं. धाकटीनं डबा उजेडाकडे धरला. तिच्या तोंडावर घाम होता, गालाला अळीचा एक तुकडा चिकटला होता, आणि ती हसत होती.

"केवढं निघालं, ताई."

"हं."

धाकटीनं ते तेल मोठ्या पातेल्यात तापवायला ठेवलं. पाणी उडून जाईपर्यंत तापवायचं, एवढं तिला ठाऊक होतं. पण ते गेलं हे तिला तेलाकडे बघून ओळखायला शिकवलं होतं. गढूळ असेल तर पाणी आहे, नितळ झालं की कोरडं. उन्हाळ्यात वाळवलेल्या थोड्या मालाला तेवढं पुरलं होतं. अर्ध्या तासात तेल नितळ दिसायला लागलं. तिनं जाळ ओढला आणि पिंप धुवायला अंगणात गेली.

शेडमध्ये थोरली एकटी राहिली.

घाण्याच्या शेजारी एक लहान चूल होती आणि तिच्यावर कायम एक लोखंडी पत्रा. या घरातून तेलाचा कुठलाही डबा थेंब ऐकल्याशिवाय बाहेर जात नसे. पत्रा तापवायचा, काडीनं तेलाचा एक थेंब त्यावर सोडायचा आणि कान खाली न्यायचा. तेल कोरडं असेल तर थेंब गुपचूप पसरतो, धूर सोडतो. कणभर पाणी असेल तर तो बोलतो. डोळ्यांना न दिसणारं पाणी कानाला कळतं. पाणी राहिलेल्या तेलात कॉस्टिक पडलं, की तेलाचा साबण होतो, हेही थोरलीला माहीत होतं; उरल्यासुरल्या खवट तेलाचा साबण याच शेडमध्ये तिनं कितीदा केला होता.

हे सगळं धाकटीला कुणी सांगितलं नव्हतं. सासऱ्यांना वाटत होतं थोरली सांगेल. थोरला आणि धाकटा यांना वाटत होतं, बायकांचं काम आहे, त्या बघतील.

थोरलीनं दाराकडे पाहिलं. मग पत्र्याखाली दोन काटक्या सरकवल्या. काडी तेलात बुडवून थेंब सोडला.

तड. तडतड.

ती तशीच वाकून राहिली. दुसरा थेंब सोडला. तो पहिल्यापेक्षा स्पष्ट बोलला. बाहेर धाकटी सासऱ्यांना ओरडून सांगत होती, "बाबा, आज रंग बघा कसा आलाय." आणि सासरे म्हणत होते, "येणारच की. हात कुणाचा आहे?"

थोरलीनं फडकं घेतलं आणि पत्रा पुसून टाकला. काटक्या ओढून विझवल्या. नुसतं सांगायचं राहून गेलं, असंही म्हणता आलं असतं. आपण केलं काहीच नाही, असंही. ती पत्रा पुसत राहिली, तो लखलखीत होईपर्यंत.

---

ठरलेल्या दिवशी सकाळी अंगणात पंधरा-वीस माणसं जमली. काहींनी गोणपाटात गुंडाळलेली रोपं खांद्यावर घेतली होती. आदल्या दुपारी धाकट्यानं नाकातोंडाला फडकं बांधून उघड्यावर पिंपात स्पिरिट आणि कॉस्टिक ओतलं होतं, धाकटीनं वल्ह्याएवढ्या लाकडानं दोन तास ढवळलं होतं, आणि मग झाकण लावून पिंप तसंच ठेवलं होतं. आता वरचं पिवळं तेल काढून धुवायचं, की झालं.

थोरल्यानं हातातलं रिकामं कॅन खाली ठेवलं. "उघड गं."

धाकटीनं झाकण काढलं आणि आत बघितलं. मग ती तशीच उभी राहिली.

"काय झालं?"

तिनं लाकूड आत घातलं. लाकूड बुडलं नाही. ते पिंपात उभं राहिलं, जमिनीत खुंटी रोवावी तसं.

पिंप काठोकाठ पांढऱ्या, दाट, थरथरणाऱ्या गोळ्यानं भरलं होतं. तिखटबाई पुढं आली, बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं आणि फेस काढून सगळ्यांना दाखवला.

"पंपवाल्या, तुझा पंप आंघोळ करणार का?"

हसण्याचा लोट उठला. धाकट्यानं मान खाली घातली. धाकटी पिंपाच्या काठाला दोन्ही हातांनी धरून उभी होती, कुणी ढकललं तर पडेल अशी. थोरलीला वाटलं होतं, हा क्षण बघताना आत कुठंतरी थंड वाटेल. वाटलंही; एक घोटभर. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

थोरला हसत नव्हता. त्यानं रिकामं कॅन उचललं आणि लोकांना म्हणाला, "रोपं सावलीत ठेवा. मी येतो." गोठ्याच्या भिंतीवर आजोबांच्या वेळची कावड अडकवलेली होती. ती त्यानं काढली, खांद्यावर टेकवून बघितली आणि दोन बादल्या घेऊन नदीकडे निघाला. त्याच्यामागून तिखटबाईसुद्धा काही न बोलता चालू लागली. थोरलीला तो शब्द आठवला. नवऱ्यानं तो तिच्यासमोरच दिला होता. तिनं ऐकला होता आणि विसरलीही होती. पत्र्यावर वाकली होती तेव्हा तिला जगात एक किल्ली आणि दुसरीचा हात, याशिवाय काही आठवत नव्हतं.

अंगण रिकामं झालं. सासरे टोपलीवर बसून होते.

"धाकटे," ते म्हणाले, "थेंब ऐकला होतास?"

"कसला थेंब, बाबा?"

सासऱ्यांना वाटलं आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही. त्यांनी कानामागं हात नेला. "पत्र्यावर. तेलाचा थेंब."

"मला नाही माहीत. मी नितळ झालं की बघितलं. कुणी सांगितलंच नाही असं काही."

सासऱ्यांनी शेडकडे पाहिलं. मग काठी टेकत उठले आणि शेडच्या दारात उभ्या असलेल्या थोरलीपाशी आले. आत डोकावून त्यांनी चुलीवरचा पत्रा पाहिला. तो आरशासारखा चमकत होता.

"थोरले," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "माझे कान जाऊन सहा वर्षं झाली. लोकांपुढं मी पत्र्यावर वाकायचो ते दाखवायला. ऐकू काहीच यायचं नाही. मी तुझ्या तोंडाकडे बघायचो. तू मान हलवलीस की मी डबा देऊन टाकायचो. सहा वर्षांत एक डबा परत आला नाही. या घरचं तेल तुझ्या कानावर चाललंय, हे मला ठाऊक आहे. तुझा थेंब कधी चुकला नाही."

थोरलीनं चौदा वर्षं ज्याची वाट बघितली ते हेच होतं. याहून जास्तच होतं.

"मग या वेळी कसा चुकला?" सासऱ्यांनी विचारलं.

धाकटी मागं येऊन उभी राहिली होती. तिचे डोळे लाल होते, पण आता तिचं रडणं थांबलं होतं. ती थोरलीकडे बघत होती.

चुकला म्हणता आलं असतं. ऐकायचं राहिलं म्हणता आलं असतं. पण हा कान चुकतो, असं तिच्या तोंडून निघेना.

"चुकला नाही," थोरली म्हणाली. "बोलला होता."

सासऱ्यांनी मान हलवली. त्यांच्या खिशातली किल्ली त्यांनी काढली, दोघींपैकी कुणालाच दिली नाही, शेडच्या चौकटीतल्या खिळ्याला अडकवली आणि काठी टेकत घरात गेले.

धाकटी तिथंच उभी होती.

"मी तुमचं काय केलं होतं, ताई?"

"काही नाही."

"मग?"

थोरलीनं तिच्याकडे बघितलं. गालावर रडण्याचे ओघळ अजून तसेच होते. "तेच," ती म्हणाली. "तू काही केलं नाहीस, आणि तुला सगळं मिळालं."

---

पाच दिवस थोरला कावडीनं पाणी आणत होता. खांद्याची सालं निघाली. थोरली तिसऱ्या दिवसापासून त्याच्याबरोबर डोक्यावर घागर घेऊन जायला लागली. त्यानं काही विचारलं नाही. घरात त्याला कुणी सांगितलं की नाही, हेही तिला कळलं नाही. एकदा चढावर तो थांबला, तिच्या घागरीचं पाणी हिंदकळून तिच्या तोंडावर आलेलं पुसलं आणि म्हणाला, "भरून आणू नकोस एवढी." एवढंच. अर्धी रोपं जगली, अर्धी सुकली. तिखटबाईची सुकली.

धाकटी तिच्याशी कामापुरतं बोलायची. पिंपातला साबण कोरून तिनं टोपल्या, ट्रे, अंगण धुऊन काढलं. मांडण्यांवर नवे ट्रे भरले. या वेळी ऊन चांगलं पडलं.

दोन आठवड्यांनी माल पुन्हा घाण्यात गेला. किल्ली खिळ्यालाच होती. जिला लवकर जाग येई तिनं शेड उघडायची. मशीन एका सुरात चाललं. तेल पातेल्यात तापलं, नितळ झालं. धाकटीनं स्वतःच पत्र्याखाली काटक्या लावल्या, काडी बुडवली, थेंब सोडला आणि कान खाली नेला.

"नाही बोलला," ती म्हणाली. ती सासऱ्यांना सांगत होती, पण सासरे दारात बसून नुसते दोघींच्या तोंडाकडे बघत होते.

थोरली चार पावलांवर पेंड गोळा करत होती. तिनं ऐकलं होतं. एकच, सुईच्या टोकाएवढं. गप्प राहिली तर कुणाला कधीच कळणार नव्हतं. आणि बोलली तर विश्वास कुणी का ठेवावा?

"बोलला," ती म्हणाली. "ओल आहे अजून."

धाकटीनं मान वर केली. ती थोरलीकडे अशी बघत राहिली, जसं माणूस अनोळखी पाण्यात पाय घालण्याआधी बघतं. त्या दिवशीची सगळी माणसं, तो फेस, ते हसणं तिच्या डोळ्यांत आलेलं थोरलीला दिसलं. ही बाई आता खरं सांगतेय, की जाळ वाढवून तेल करपवायला लावतेय?

"मला नाही आलं ऐकू," धाकटी म्हणाली.

"ये इकडं. काडी थोडीच बुडव. थेंब लहान हवा. आता श्वास धरून ठेव. थेंब पडल्या पडल्या काही होत नाही. पसरेपर्यंत थांबायचं. कडेला, अगदी कडेला येतो तो आवाज."

दोघींची डोकी पत्र्यावर एकमेकींना लागली. थेंब पडला, पसरला. धूर निघाला.

तिक्.

"आला," धाकटी हळूच म्हणाली. "ताई, आला."

थोरलीनं डोकं मागं घेतलं. आपल्यापाशी होतं ते एवढंच होतं, आणि आता तेही त्या पोरीच्या कानात गेलं. दुसऱ्याच थेंबाला. आपल्याला दोन वर्षं लागली होती.

"तिखट कान आहेत तुझे," ती म्हणाली. वाक्य तोंडातून निघायला जड गेलं.

मग तिनं चुलीत आणखी दोन लाकडं सरकवली आणि दोघी पुढच्या थेंबाची वाट बघत बसल्या.